एम-ए-एन: तीन अक्षरं, अनेक कुळं

मॅन्युअल, मॅनेज, ह्यूमन, वुमन, मँडरिन. पाचही शब्दांच्या स्पेलिंगमध्ये एम-ए-एन ही अक्षरं लागोपाठ येतात, त्यामुळे सगळ्यांत 'पुरुष' किंवा 'माणूस' दडलेला असेल असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात इंग्रजीचा तो मॅन या पाचांपैकी फक्त वुमनमध्ये आहे.

सगळ्यांत मोठं कुळ हाताचं. लॅटिनमध्ये हाताला 'मानुस' म्हणतात (उच्चार आपल्या माणसाच्या जवळ जातो, पण नातं काही नाही). मॅन्युअल म्हणजे हाताने करायचं, तसंच हाताशी ठेवायची पुस्तिका. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे हस्तलिखित. मॅन्युफॅक्चरचा मूळ अर्थ हाताने बनवणं. आज तो नेमका यंत्रावर बनणाऱ्या मालाला लागतो. शेतात घालायचं खत म्हणजे मॅन्युअर, तेही इथलंच: आधी 'जमीन कसणं' असं क्रियापद होतं, नंतर कसताना टाकायच्या खताला ते नाव पडलं. लष्करी डावपेचांचा मनूव्हर हा त्याचाच सख्खा भाऊ.

मॅनेज इटालियनमधून आला. तिथे तो घोडा काबूत ठेवून फिरवण्यासाठी वापरत. मराठीतला 'हाताळणे' अगदी तसाच हातावरून घडलेला आहे, म्हणून 'परिस्थिती मॅनेज केली' ऐवजी 'हाताळली' म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. 'पंच मॅनेज केले' ही मात्र वेगळी छटा. तिथे हाताळणे चालणार नाही, 'हात ओले केले' म्हणावं लागेल.

आता वुमन. जुन्या इंग्रजीत 'मन्न' म्हणजे माणूस, मग स्त्री असो वा पुरुष. 'वीफ' म्हणजे स्त्री. दोन्ही मिळून 'वीफमन्न', त्याचं झालं वुमन. पुरुषासाठी वेगळा शब्द होता, 'वेर', आपल्या 'वीर'चा नातलग. तो वेअरवुल्फमध्ये, म्हणजे लांडगा होणाऱ्या पुरुषाच्या नावात, अजून शिल्लक आहे.

ह्यूमन लॅटिन 'ह्यूमानुस'वरून आला, त्याचा मॅनशी संबंध नाही. चेअरमनऐवजी चेअरपर्सन म्हणण्याचा आग्रह मला पटतो, कारण तिथे मॅन खरोखर आहे. तोच आक्षेप ह्यूमनवर घेणं चूक.

शब्दाच्या शेवटी मॅन असेल तर अनेकवचन करून पाहावं. चेअरमेन, विमेन, फायरमेन होतं. पण ह्यूमन्स, जर्मन्स, ऑटोमन्स, टॅलिझमन्स. टॅलिझमन म्हणजे तावीज, तो अरबीतून आला, आपल्याला तो 'तिलिस्म' म्हणून माहीत आहे.

परमनंट आणि मॅन्शन 'राहणं' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले, ते सरळ आहे. मॅनिया ग्रीक, त्याचा आणि आपल्या 'मन'चा धातू मुळात एकच.

मला सर्वांत आवडतो तो मँडरिन. संस्कृत 'मंत्रिन्' मलय भाषेत 'मंतरी' झाला. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि चिनी अधिकाऱ्यांना लावला. हुकूम करणं या अर्थाचं त्यांचं क्रियापद 'मांदार', त्याच्या प्रभावाने मधे 'द' शिरला असावा. पुढे त्या अधिकाऱ्यांच्या भाषेलाही तेच नाव पडलं. आपला मंत्री असा चीनला पोचला, पण फक्त युरोपीय लोकांच्या तोंडी. चिनी लोक स्वतः आजच्या प्रमाण भाषेला 'फुथोंगह्वा' म्हणतात, म्हणजे सर्वसामान्यांची बोली.