बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली तर डिकी उघडणार कशी? (शुक्रवारी निघतोय)

नमस्कार मंडळी,
शुक्रवारी पहाटे निघतोय, सहा आठवड्यांनी परत. गाडी तळघरात उभी राहील, तिथे प्लग पॉइंट नाही, त्यामुळे चार्जर लावून जाण्याचा प्रश्नच नाही. मागच्या वेळी बॅटरी उतरू नये म्हणून नानांनी सांगितलं तशी निगेटिव्ह वायर काढून गेले होते आणि आल्यावर पहिल्या सेल्फला गाडी चालू झाली. पण ती जुनी गाडी. हिची बॅटरी डिकीत आहे आणि डिकीला किल्लीचं भोक नाही, नुसतं बटण. वायर काढून झाकण लावलं की बटण बंद. मग आल्यावर बॅटरीपर्यंत पोचायचं कसं? रात्री उतरतोय, सोबत दोन मुलं आणि सगळं सामान. की कोणी आठवड्यातून एकदा येऊन दहा मिनिटं गाडी चालू ठेवेल?
– ताई

---

किल्ली माझ्याकडे दे. दर शनिवारी तुमच्या बाजूला येतोच, चालू करून जाईन.
– अण्णा

---

> दहा मिनिटं गाडी चालू ठेवेल

अण्णा, हे नको. उभ्या गाडीत दहा मिनिटांत जेमतेम सेल्फला लागलेलं भरून निघतं, आठवड्याची गळती तशीच राहते. शिवाय तळघरात धूर कोंडतो. चालवायची तर सलग अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालव, नाहीतर हात लावू नकोस.

निगेटिव्हचं मी मागेच सविस्तर लिहिलं होतं, पुन्हा लिहितो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट.
– नाना

---

नाना, क्रम बरोबरच आहे, पण ताईचा प्रश्न डिकीचा आहे.

आधी हिशोब करू. बंद गाडीसुद्धा थोडी वीज खातच असते: अलार्म, कुलपाचा रिसीव्हर, घड्याळ. धडधाकट गाडीत ही गळती साधारण २० ते ५० मिलीअँपिअर. ५० धरली तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, ४२ दिवसांत ५० च्या वर. बॅटरी ७० अँपिअर-तासांची असेल तर उरले २०, त्यात सेल्फ लागेल असं मी म्हणणार नाही. गळती ३० असेल तर जातील ३० आणि गाडी बहुधा चालू होईल. तेव्हा आधी मोज. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि सोडलेली वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर (अँपिअरवर ठेवून) लावायचा, डिकीचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ करायचा म्हणजे दिवा विझतो, किल्ली घरात ठेवायची आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. लगेच पाहिलंस तर आकडा भलताच मोठा दिसेल. आणि मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नकोस, फ्यूज उडेल.
– भाऊ

---

अगं, मीटर राहू दे, आधी डॅशकॅम काढ. आमच्या लेकाने त्याचा पार्किंग मोड (उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग) चालू ठेवला आणि तीन आठवडे निघून गेला. परत आला तेव्हा कडाक्याची थंडी. बॅटरी पूर्ण उतरली की तिच्यातलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं आणि शून्याखाली सात-आठ अंशांतच गोठतं, भरलेली असती तर टिकली असती. त्याच्या बॅटरीच्या कडा फुगल्या होत्या, एका कोपऱ्यात चीर. चार्ज करायचा प्रयत्न मी त्याला करू दिला नाही.
– माई

---

माई, आमची इलेक्ट्रिक आहे, आम्हाला हे काहीच नाही ना?
– वहिनी

---

वहिनी, तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. मोठी तिला अधूनमधून भरते, पण मोठीच रिकामी ठेवून गेलात तर अडचण. निम्मी-पाऊण भरून ठेवा आणि कॅमेऱ्याची पहारेदारी बंद करा.

ताई, डिकीचं: बॅटरी मागे असलेल्या बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली लाल टोपीचा एक खांब असतो, जम्प (बाहेरून वीज) द्यायला, आणि शेजारी अर्थचा बोल्ट. बॉनेटची दोरी हाताने ओढायची असते, तिला वीज लागत नाही. रिमोटच्या पोटातली किल्ली काढून दार उघड, बॉनेट उघड, जम्प पॅक (हातात मावणारी बाहेरची बॅटरी) लाव, डिकीचं बटण जिवंत होतं. पण बॅटरी सुटलेली असताना पॅकला समोर व्होल्टेज दिसत नाही, म्हणून पुष्कळ पॅकचं ‘बूस्ट’ बटण दाबावं लागतं आणि तेव्हा उलट जोडणीचं संरक्षण बंद असतं. लाल कुठे, काळा कुठे, दोनदा बघ. आणि हे सगळं आज करून पाहा, परत आल्यावर रात्री बारा वाजता नको.
– भाऊ

---

भाऊचं पटलं. मी डिकी न लावता चिंधी अडकवून ठेवा म्हणणार होतो, पण तळघरात तसं उघडं टाकणं बरोबर नाही. वायर लावल्यावर काचा एकदा पूर्ण वर-खाली कराव्या लागतील, एवढं लक्षात ठेव.
– नाना

---

करून पाहिलं! किल्ली निघाली, पण दाराच्या हँडलवर किल्लीचं भोक दिसेना. शेवटी हँडलच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी चिमट्याने उचकटली, आत होतं. दार उघडताच अलार्म कोकलायला लागेल म्हणून धाकटीने कान झाकले, पण वीजच नसल्यामुळे सगळं गप्प. बॉनेटखाली लाल टोपी सापडली, अण्णांचा पॅक लावला, बूस्ट दाबलं, मागून ‘टक्’ आवाज आला आणि डिकी उघडली.

गळती २८ निघाली, पण सुरुवातच वाईट आहे. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी बॅटरी १२.३ व्होल्ट. भाऊ म्हणतो निम्मीच भरलेली आहे, शाळेच्या छोट्या फेऱ्यांनी भरतच नव्हती. अशीच सोडून गेले तर नुसती पडूनही खराब होईल. वर एजीएम (बॅटरीचा प्रकार) लिहिलंय. अण्णा, तुमच्या चार्जरला ती सेटिंग आहे का?
– ताई

---

आहे. बुधवारी संध्याकाळी गाडी माझ्या गॅरेजमध्ये आणून लाव, रात्रभर चार्जरवर राहू दे, गुरुवारी दुपारी घेऊन जा. जम्प पॅक आणि दहाचा पाना तुझ्याकडेच ठेव. फक्त पॅक गाडीत नको, घरात ठेव.
– अण्णा