आदिस अबाबात १४ तास थांबायचंय, सोबत आई आहे. काय करावं?

परभणीकर: मंडळी, आईला घेऊन पुढच्या महिन्यात झांबियात लुसाकाला बहिणीकडं जायलोय. मधी इथिओपियात, आदिस अबाबात १४ तास. आई ६४ वर्षांची, शाकाहारी, पंढरपूरच्या पलीकडं गेलेली नाही. मागं मी एकटाच तिथं थांबलो तेव्हा पार भंजाळलो होतो. ड्रायव्हर म्हणाला, "उद्या दोनला येतो." मी सकाळी निवांत अंघोळ करायलो, तर आठलाच खाली हॉर्न! अंगाला साबण तसाच. आईला हॉटेलातच बसवावं का शहर दाखवावं? अन् जेवणाचं कसं?

लातूरची माहेरवाशीण: तीन वर्षं काढली तिथं. ड्रायव्हर बरोबरच होता हो. त्यांचा दिवस सकाळी सहापासून मोजतात. सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. आपले आजोबा "दिवस कासराभर वर आला" म्हणायचे, त्यातलंच. काकूंना लगेच कळेल, घोळ तुमचाच होईल. तिकिटावरची वेळ मात्र आपल्यासारखीच असते. वर्षही सात-आठ मागं आणि महिने १३, तेव्हा पावतीवर जुनं साल दिसलं तर भांडू नका.

जेवायला "ये-त्सोम" म्हणायचं, म्हणजे उपवासाचं: मांस, अंडी, दूध काही नाही. बुधवार-शुक्रवारी तर कुठंही मिळतं. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचं आंबवलेलं मोठं धिरडं. पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं. त्यावर शिरो घ्या. ते पिठलंच, येसर घातल्यासारखं लालभडक. कॉफीसोबत लाह्या येतात. पण एकाच ताटात सगळे जेवतात, आणि मायेनं दुसऱ्याच्या तोंडात घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. काकू उष्टंखरकटं पाळत असतील तर वेगळं ताट आधीच सांगा.

औरंगपुरा: हॉटेलात कामून बसवता? लूसीचा सांगाडा जिथं आहे ते नॅशनल म्युझियम दाखवा, ३२ लाख वर्षांपूर्वीची बाई! अन् काकूंना सांगा, मलिक अंबर याच मुलखातला. १६१० ला खडकी वसवली, तेच आमचं संभाजीनगर. नहरीचं पाणीही त्यानंच आणलं.

नांदेडचा डॉक्टर: म्युझियम नंतर. यलो फिव्हरच्या लसीचं कार्ड काढलं का? इथिओपियातून परतताना आपल्याकडं बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी हवी, मिळते ठरावीक केंद्रांतच. साठीनंतर तिचा धोका थोडा जास्त, म्हणून आईंच्या डॉक्टरांना आधी विचारा. शहर २,३०० मीटरच्या वर आहे, जिन्यावर दम लागतो. स्वेटर अन् बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत. हॉटेल आणि व्हिसाचं एअरलाइनकडून लेखी घ्या.

परभणीकर: लसीचं डोक्यातच नव्हतं, उद्याच डॉक्टरांकडं जातो. आईला पिठल्याचं सांगितलं तर म्हणाली, "मग ठेचा घे सोबत." हातातल्या बॅगेत चालतो का?

लातूरची माहेरवाशीण: नाही, सिक्युरिटीत काढून ठेवतील. मोठ्या बॅगेत टाका. पण ती बॅग थेट लुसाकाला जाते, म्हणजे आदिसचं पिठलं काकूंना बिनठेच्याचंच खावं लागणार.