मदत हवी आहे: बुकिंगची तारीख सेव्ह होताना एक दिवस मागे जाते, पण सगळ्यांची नाही

म्हापसा_डेव्ह:
नमस्कार मंडळी. काणकोणातल्या एका होमस्टेचं बुकिंग पोर्टल माझ्याकडे आलंय, आधीचा डेव्हलपर सोडून गेला. पुढे (ब्राउझरात) रिअ‍ॅक्ट, मागे (सर्व्हरवर) नोड आणि पोस्टग्रेस डेटाबेस. चेक-इनचा कॉलम साधा 'डेट' टाइपचा.

घोळ असा की पणजीत बसून २४ डिसेंबर निवडला तर डेटाबेसात २३ पडतो. मालकीणबाई वहीशी ताळा घेतात म्हणून सापडलं तरी. लिस्बनहून बुकिंग करणाऱ्यांचं तर आणखी विचित्र (इथल्याच घरांतली मुलं, चतुर्थीला नाहीतर चर्चच्या फेस्ताला येतात). जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताचं बुकिंग बरोबर, पण २०२५च्या चतुर्थीचं, म्हणजे २७ ऑगस्टचं, २६ला. पोर्टल तेच, ब्राउझर तोच, पाहुणाही तोच! वर कडी म्हणजे पणजीची ती नोंद माझ्या लॅपटॉपवर २२ दिसते आणि सर्व्हरवर २३.

फ्रंटएंड डेट ऑब्जेक्ट सरळ जेसन.स्ट्रिंगिफायला (त्याचा मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, करणाऱ्या फंक्शनला) देतो, बॅकएंड आलेल्या स्ट्रिंगची पहिली दहा अक्षरं कापून सेव्ह करतो. यादी दाखवतानाही तीच कापाकापी. पाठवताना साडेपाच तास मिळवून टाकू का?

सुशेगाद_बग:
मिळवा की. आमच्याकडे असंच चाललंय, कुणाची तक्रार नाही.

खाजन_बांध:
तक्रार नाही, कारण तुमचे पाहुणे भारतातले, आखातातले नाहीतर युरोपातले असणार. तिथून साडेपाच तासांची ठिगळ योगायोगाने चालते. सिंगापूरहून कुणी बुकिंग केलं की तारीख पुन्हा मागे. तिथली मध्यरात्र म्हणजे यूटीसीचे (जगाची प्रमाण वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढे) आदल्या दिवशीचे १६:००, त्यात साडेपाच मिळवले तरी २१:३०च होतात.

म्हापसा_डेव्ह, तुमच्याकडे दोन वेगळे बग एकमेकांवर बसलेत.

पहिला ब्राउझरमध्ये. डेट ऑब्जेक्टमध्ये तारीख नसतेच, एक क्षण असतो. तुमचा पिकर (तारीख निवडायचं कॅलेंडर) स्थानिक मध्यरात्रीचा क्षण बनवतो आणि जेसन करताना तो यूटीसीत लिहिला जातो. गोव्यातला २४ डिसेंबर असा निघतो: २०२५-१२-२३टी१८:३०:००.०००झेड. पुढचं कात्रीचं काम. लिस्बन हिवाळ्यात यूटीसीच्या बरोबरीने चालतं, म्हणून फेस्त वाचलं. ऑगस्टमध्ये एक तास पुढे असतं, म्हणून चतुर्थी २६ ऑगस्टच्या २३:००वर गेली. बुकिंग कधी केलं याचा संबंध नाही, कुठली तारीख निवडली त्यावर ठरतं. मे महिन्यात बसून डिसेंबर निवडला तरी बरोबरच येईल. असले बग टेस्टिंगमधून निसटतात ते यामुळेच.

दुसरा नोडमध्ये. पोस्टग्रेसचा नेहमीचा ड्रायव्हर (नोडला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) 'डेट' कॉलम वाचताना त्याचा पुन्हा डेट ऑब्जेक्ट करतो, जिथे नोड चालतंय तिथल्या मध्यरात्रीचा. तुमचा सर्व्हर यूटीसीवर असणार, तिथे काही बिघडत नाही. लॅपटॉप भारतीय वेळेवर, म्हणून जेसन होताना आणखी एक दिवस गळतो. ड्रायव्हरमधला टाइप १०८२चा (हा पोस्टग्रेसचा 'डेट'साठीचा क्रमांक) पार्सर, म्हणजे वाचलेली किंमत रूपांतरित करणारं फंक्शन, बदलून स्ट्रिंग आहे तशीच परत करा.

ब्राउझरचं औषधही तेच: चेक-इन ही तारीख आहे, तिला क्षण बनवूच नका. एचटीएमएलचा 'डेट' इनपुट वापरत असाल तर त्याची व्हॅल्यू '२०२५-१२-२४' अशी स्ट्रिंगच असते, ती तशीच पाठवा. पिकर ऑब्जेक्टच देत असेल तर वर्ष, महिना, दिवस स्थानिक गेटरने काढून जोडा (महिना शून्यापासून मोजतात, एक मिळवायला विसरू नका).

तिसवाडी:
दाखवतानाही जपा. '२०२५-१२-२४' ही नुसती तारीख न्यू डेटला दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरते. गोव्यात ते पहाटेचे साडेपाच, दिवस तोच, सगळं ठीक वाटतं. न्यूयॉर्कच्या पाहुण्याला २३ दिसेल. मागे 'टी००:००' जोडलं तर तीच भाषा स्थानिक वेळ धरते. कुणी ठरवलं हे, देव जाणे.

म्हापसा_डेव्ह:
लॅपटॉपचं कोडं सुटलं, पार्सर बदलताच २३ आला. आता जुन्या नोंदी. सगळ्यांना एक दिवस मिळवणारी क्वेरी चालवू?

खाजन_बांध:
नको! फेस्ताची बुकिंगं बिघडतील. रिक्वेस्टचे लॉग ठेवलेत का? असतील तर वेळेचा भाग बघा. १८:३० म्हणजे भारत, २३:०० म्हणजे लिस्बनचा उन्हाळा, दोन्हींत एक दिवस मिळवा. ००:०० किंवा ०५:०० असेल तर हात लावू नका. ढोबळ नियम: दुपारी बारा किंवा त्यानंतरचं असेल तर पुढचा दिवस. न्यूझीलंडचा पाहुणा सापडला तर तेवढं हाताने, उन्हाळ्यात ते तेरा तास पुढे असतात. लॉग नसतील तर मालकीणबाईंची वही.

म्हापसा_डेव्ह:
लॉग आहेत, वहीही आहे. एक शेवटचं: मोपा विमानतळाहून पिकअपची वेळही याच फॉर्मवर आहे. तीही नुसती स्ट्रिंग ठेवू?

तिसवाडी:
तिथे खरा क्षण लागतो, पण घड्याळ पाहुण्याचं नाही, मोपाचं. लिस्बनमध्ये बसून त्याने पहाटेचे ४:३० भरले आणि ब्राउझरने त्याचा डेट ऑब्जेक्ट केला, तर डिसेंबरात तुमचा टॅक्सीवाला सकाळी दहाला पोचेल. फॉर्ममधली वेळ जशीच्या तशी पाठवा, सर्व्हरवर 'एशिया/कोलकाता' धरून क्षण बनवा, 'टाइमस्टॅम्पटीझेड' कॉलममध्ये ठेवा. तो कॉलम झोन साठवत नाही, फक्त क्षण; त्यामुळे दाखवतानाही झोन तुम्हालाच सांगावा लागेल. एपीआयतून देताना २०२५-१२-०३टी०४:३०:००+०५:३० असं ऑफसेटसकट द्या. आणि फॉर्मवर चौकटीशेजारी 'गोव्याची वेळ' असं ठळक लिहा, नाहीतर लोक तिकिटावरची निघायची वेळ भरतात.

म्हापसा_डेव्ह:
देव बरें करूं दोघांचं. आज रात्री पिकर बदलतो, उद्या लॉग चाळायला बसतो.