ओढून आणलेला ट्रॅक्टर, ऑनलाइन लिलाव: 'चालू स्थिती' लिहिलंय, किती खरं धरायचं?

मांजराकाठ (औसा)
रामराम मंडळी. फायनान्सवाल्यांनी ओढलेला ४२ एचपीचा ट्रॅक्टर ऑनलाइन लिलावात आहे. माहितीत लिहिलंय: '२०१९ मॉडेल, चालू स्थिती, १,८५० तास, टायर ८० टक्के, आरसी उपलब्ध'. फोटो सहा, पण इंजिनच्या डाव्या बाजूचा एकही नाही. यार्ड संभाजीनगरला, बोली सोमवारी बंद. शेत ९ एकर, सोयाबीन-तूर, नंतर हरभरा. बजेट सगळं धरून तीन लाख. नवा घ्या असं कृपया सांगू नका.

गंगाथडी
नवाच घ्या भाऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय. तीन लाखांत दुसऱ्याची डोकेदुखी दारात कशाला बांधायची?

यार्डवाला_२१ (जालना)
जीएसटीचा मुद्दा वेगळ्या कारणानं कामाचा आहे. नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरते, पण लिलावाची मूळ किंमत कधीकधी आधीच्या हिशोबावरच लटकलेली असते. ती आजच्या बाजाराशी ताडून बघा.

आता माहितीतले शब्द यार्डाच्या भाषेत वाचा. 'चालू स्थिती' म्हणजे बहुतेक वेळा एवढंच, की ट्रॅक्टर यार्डात आला त्या दिवशी इंजिन चालू झालं. गिअर, लिफ्ट, ब्रेक त्यात येत नाहीत. मग सहा महिने उन्हापावसात उभा: बॅटरी बसलेली, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, डिझेल टाकीत पाणी. फोटोत ज्या बाजूला डिझेल पंप किंवा सेल्फ येतो तीच बाजू गायब असेल, तर तो सुटा भाग निघालेला आहे असं धरूनच बोली लावा.

'२०१९ मॉडेल' हे पुष्कळदा नोंदणीचं साल असतं. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, त्याचा फोटो मागा.

'आरसी उपलब्ध'... कोणाकडे उपलब्ध? खरी मेख इथंच आहे. आरसी कंपनीच्या हातात असेल तर मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० आणि कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, काम सरळ. मूळ मालकानं आरसी दिलीच नसेल तर कंपनीला आधी फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावानं नवी आरसी काढावी लागते, त्यानंतर तुमचा नंबर. त्यात महिने जातात. तोवर पैसे अडकलेले आणि ट्रॅक्टर दारात उभा.

बालाघाट_बीड
लिलावातली गाडी असली की फॉर्म ३२ लागतो. २९-३० चालत नाही.

यार्डवाला_२१ (जालना)
फॉर्म ३२ केंद्र किंवा राज्य सरकारच्या जाहीर लिलावाचा, ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत. जप्तीची सरकारी जीप घेतली तर तो. फायनान्स कंपनीच्या लिलावाला नाही.

बालाघाट_बीड
आमच्याकडं ३२च मागतात.

पूर्णाकाठ (परभणी)
१,८५० तास? २०१९ चा? भाड्यानं रोटाव्हेटर मारणारा माणूस वर्षाला हजार तास सहज काढतो. मीटर बदललेलाय, डोळे झाकून सांगतो. माझा १८ सालचा ४,९०० वर आहे, अजून इंजिन खोललेलं नाही.

शिवार_२६
डोळे झाकून नका सांगू पूर्णाकाठ. जुन्या धाटणीच्या केबलच्या मीटरला खरा तास फक्त ठरलेल्या आरपीएमवरच पडतो, कमी आरपीएमला तो मागं पडतो. ट्रॉली ओढणाऱ्याचे आकडे कमी दिसतात ते त्यामुळंही. आणि केबल तुटली की मीटर तिथंच थांबतो, कोणी बदलायची गरजच नाही. म्हणून आकडा सोडा, झीज बघा:

पीटीओ शाफ्टच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या) सहा खाचा. धार गोल झाली असेल तर रोटाव्हेटर भरपूर चाललाय.
ट्रॉलीच्या हुकाचं भोक. लांबट झालं असेल तर ऊस ओढलाय.
क्लच पेडलचा रबर आणि त्याखालचं लोखंड. नवा रबर आणि घासलेलं लोखंड म्हणजे रबर काल बसवलाय.
पुढच्या चाकाला वर-खाली हिसका द्या, किंगपिन आणि बेअरिंगचा खेळ हाताला कळतो.

पूर्णाकाठ (परभणी)
तेच म्हणलो मी. मीटरवर जाऊ नका.

काळी_माती
९ एकर काळ्या रानाला टू-व्हील ड्राइव्ह घेताय? जूनमध्ये एक पाऊस पडला की रुततोय बघा. फोर-व्हील बघा, चार-साडेचार लाखांत मिळेल.

शिवार_२६
बजेट तीन आहे दादा. आणि वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात फोर-व्हीलही घालू नये, खाली दाबून तळी, म्हणजे कडक थर बसतो.

काळी_माती
वाफशाची वाट बघत बसलं तर पेरणी जाते.

(इथून पुढचे अकरा प्रतिसाद टू-व्हील आणि फोर-व्हीलवरचे. त्यांचा वेगळा धागा केला आहे. — संपादक)

तिरू_खोरं (उदगीर)
टायरवर कोणीच बोललं नाही. बाजूवर चार आकडे असतात, उदा. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. चारही टायरचे वाचा. '८० टक्के' हे नक्षीवरून ठरवतात, पण उभ्या ट्रॅक्टरचा टायर रिमजवळ तडकतो आणि ते फोटोत दिसत नाही. मागचे दोन गेले की बजेट तिथंच मोडतं.

यार्डवाला_२१ (जालना)
बरोबर. आणि ताबा घेताना केलेली यादी मागा. कंपनीनं मालकाकडून ट्रॅक्टर उचलताना बॅटरी, टायर, टॉप लिंक, टूलबॉक्स लिहिलेला कागद केलेला असतो. आज यार्डात जे आहे ते त्याच्याशी ताडा. फरक असेल तर तो माल यार्डात गळालाय.

यार्डात सकाळी पहिल्यांदा जा, इंजिन थंड पाहिजे. तुम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलं असेल तर संशय घ्या. चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. धूर धपधप बाहेर येत असेल तर रिंगा गेल्या. डिपस्टिकचं ऑइल चहासारखं दिसलं तर पाणी उतरलंय. लिफ्टला शंभरेक किलो टांगा, वर घेऊन इंजिन बंद करा, दहा मिनिटांत किती बसते बघा. चेसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी जुळवा. फिरवून बघू देत नाहीत, जागेवर एवढं मात्र करू देतात.

पैसापाणी
हिशोब कोणी मांडलाच नाही. समजा बोली २,६०,०००. सेवा शुल्क २ टक्के धरलं तर ५,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९३६. संभाजीनगर ते औसा अडीचशे किलोमीटरच्या वर, टेम्पो-ट्रेलरचं भाडं. नवी बॅटरी, तीन ऑइल, फिल्टर, विमा, नावावर करणं. उचलायला उशीर झाला तर यार्ड भाडं रोजानं चढतं. तीन लाखांचं बजेट म्हणजे बोली दोन-चाळीसला थांबली पाहिजे.

आणि अनामत कंपनीच्याच खात्यावर भरा. कोणी एजंट स्वतःच्या यूपीआयवर मागत असेल तर तो लिलावच खोटा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

कायद्याचं_बोला
सगळे म्हणतात, लिलावाच्या अटीत 'जसे आहे, जिथे आहे' लिहिलं की विषय संपला. पूर्ण संपत नाही. वस्तू विक्री कायदा १९३०, कलम १५: वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. ४२ एचपी लिहून ३५ चा दिला, किंवा चेसी नंबरच वेगळा निघाला, तर 'जसे आहे'ची ढाल चालत नाही. 'चालू स्थिती' मात्र इतका ढिला शब्द आहे की त्यावर भांडण टिकवणं अवघड. कलम ६४ पण वाचून ठेवा: विकणाऱ्यानं आधी न सांगता स्वतःचीच माणसं बोलीत उतरवून भाव चढवला, तर तो व्यवहार रद्द करायचा हक्क घेणाऱ्याला आहे.

करायचं काय: माहितीचं पूर्ण पान तारीख-वेळेसकट बोलीआधी साठवा, कारण नंतर ते बदलतं किंवा काढलं जातं. प्रश्न फोनवर नको, लेखी विचारा. गेटपासवर 'तक्रार नाही' असं छापलेलं असतं. फरक असेल तर सहीच्या वर हातानं लिहा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर १९१५, ग्राहक हेल्पलाइन.

गंगाथडी
एवढं करण्यापेक्षा नवा घेतलेला परवडला.

मांजराकाठ (औसा)
सगळ्यांचे आभार. आरसीचा लेखी प्रश्न विचारला, उत्तर आलं 'प्रक्रियेत आहे'. म्हणून तो सोडला. त्याच यार्डातला दुसरा ठरवलाय: २०१७, तीन सिलिंडर, 'बंद स्थिती' असं स्वच्छ लिहिलेलं, फोटो चौतीस, पंप-सेल्फ जागेवर दिसतायत, आरसी आणि फॉर्म ३५ दोन्हींची प्रत आली. बोली १,६५,००० पर्यंतच लावणार, बाकीचे इंजिन कामाला.

पूर्णाकाठ (परभणी)
बंद घेताय? एवढं सगळं सांगून?

यार्डवाला_२१ (जालना)
घ्या, पण यार्डात कोणाला सेल्फ मारू देऊ नका. आधी गिअर न्यूट्रल, तिन्ही नोझल काढा, प्रत्येक भोकात चमचा-दोन चमचे ऑइल सोडा आणि फॅनकडून पान्यानं इंजिन हातानं फिरवा. फिरलं तर बोअर-पिस्टनवर भागण्याची आशा आहे. जाम असेल तर क्रँकचंही काम धरा आणि बोली एक-तीसच्या वर नेऊ नका. आणि गिअरमध्ये टाकून टोचन करून चालू करायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका.