सोसायटी ग्रुप: कालचं बार्बेक्यू जेवण

ए-३०२: कमिटीला नम्र विनंती. पुढच्या वेळी हॉटेल ठरवायच्या आधी कुणीतरी तिथे जाऊन खाऊन या. चिकन बाहेरून करपलेलं, हाडाजवळ लालसर आणि वर रॉकेलसारखा वास.

सेक्रेटरी: नाराजी समजू शकतो 🙏 पण हॉटेल याच ग्रुपवर विचारून ठरलं होतं. अंगठा तुम्हीही दिला होता.

सी-१०४: हिशोब कधी टाकताय?

बी-५०१: वास रॉकेलचा नाही, कोळसे पेटवायच्या द्रवाचा. तो पुरता जळायच्या आत जाळी चढवली की मांसात उतरतो. कोळशांवर सगळीकडून करडी राख धरेपर्यंत थांबायचं असतं, साधारण २० ते ३० मिनिटं. दाट पांढरा धूर निघत असताना काही भाजलं तर कडवटच होणार. काल डोळे चुरचुरत होते ते उगाच नाही.

ए-३०२: म्हणजे माझंच बरोबर.

बी-५०१: वासापुरतं. लालसर म्हणजे कच्चं असं नव्हे. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग आजूबाजूला झिरपतो, धुरानेही मांस गुलाबी राहतं. रंगावर जाऊ नका. सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसायचा. ७४ अंश सेल्सिअस आलं की खायला हरकत नाही. तंगडी ८०च्या वर गेली तर उलट मऊ होते. छातीचा तुकडा तिथवर नेला की भुसा.

ए-३०५: आम्हाला भुसाच आला.

डी-२०३: काका, तापाचा थर्मामीटर चालेल का 😂

बी-५०१: तो ४२च्या आसपास संपतो. चेष्टा पुरे.

सी-१०४: हिशोब?

बी-४०३: करपलं त्याचं कारण सॉस. त्यात साखर आणि मध. तो सुरुवातीलाच फासला की आतून शिजायच्या आत वरून काळा पडतो. शेवटच्या पाच-सात मिनिटांत लावायचा. शिवाय निखारे जाळीखाली सगळीकडे सारखे पसरलेले. एका बाजूला रचले असते तर चरबी गळून भडका उडाल्यावर तुकडे दुसऱ्या बाजूला सरकवता आले असते.

ए-३०५: कमिटीच्या टेबलावर मात्र सगळं व्यवस्थित होतं असं ऐकलं.

सेक्रेटरी: वहिनी, ते टेबल किचनच्या दाराशी होतं. तिथे बसायला कुणी तयार नव्हतं म्हणून आम्ही बसलो.

ए-३०५: मी काही म्हटलं का? फक्त ऐकलं म्हणाले.

बी-४०३: थोडा दोष आपलाही आहे. टेबलावर येणाऱ्या सळया आतून शिजूनच येतात, खालचे निखारे गरम ठेवण्यापुरते. आपण गप्पा मारत त्या तशाच ठेवल्या. छोटे तुकडे तेवढ्यात कोरडे पडतात. आल्या की दोन-तीन मिनिटांत काढायच्या.

ए-३०२: आता आमचीच चूक. वा.

ए-१०१: मशरूमला आणि चिकनला एकच ब्रश लावत होता तो मुलगा. यावर कुणीच बोलत नाही.

बी-५०१: काकू, हा मुद्दा फक्त शाकाहारी लोकांचा नाही. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश शिजलेल्यावर फिरवला की जंतू परत आले. ब्रशही दोन हवेत आणि सॉसच्या वाट्याही दोन. तक्रारीत हे पहिलं लिहा, चव नंतर.

बी-४०३: आणि बुफेतला मासा कोमट होता तेही लिहा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवायला हवेत.

डी-२०३: त्यापेक्षा पुढच्या वेळी गच्चीवर आपणच करू. काका शेफ 🔥

सेक्रेटरी: गच्चीवर कोळसे पेटवायचे नाहीत. वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय.

सी-१०४: त्याचाही हिशोब आलेला नाही.