ए विंग ग्रुप: सातव्या मजल्याचं सकाळचं पाणी

ए-७०१: आज पुन्हा तेच. सकाळी सातला शॉवरमधून नुसती करंगळीएवढी धार. टाकी भरलेली आहे, मी स्वतः गच्चीवर जाऊन बघून आले.

ए-७०२: सेम. साबण लावून उभा होतो.

सेक्रेटरी: परवा दुपारी प्लंबर येऊन गेला ना? गेज लावून दाखवलं त्याने, प्रेशर बरोबर आहे.

ए-१०२: आमच्याकडे तर जोरात येतंय. जाळी साफ करून बघा ताई.

ए-७०१: दोनदा केली हो.

खजिनदार: मग बूस्टर पंपाचा विषय मीटिंगला घेऊ या.

ए-४०३: काका, पंपाआधी एक विचारतो. गेल्या महिन्यात टाकीखालचा मेन व्हॉल्व्ह बदलला, तो कुठला बसवलाय? फोटो टाका कुणीतरी.

ए-५०१: टाकला. ५० मिमीचा आहे. चांगला जड, पितळी.

ए-४०३: पोट गोल फुगलेलं, अंगावर बाण. हा ग्लोब व्हॉल्व्ह आहे. आधी गेट होता. गेट उघडला की आतली आडवी येणारी पाती पूर्ण वर जाते आणि पाणी सरळ निघून जातं. ग्लोबमध्ये पाण्याला आधी वर चढून, भोकातून जाऊन, पुन्हा खाली वळावं लागतं, अगदी पूर्ण उघडा असला तरी. धार कमीजास्त करायला उत्तम, पण टाकीखाली चुकीचा.

ए-७०२: वळण घेतल्याने असा कितीसा फरक पडणार?

ए-४०३: हिशेब सोपा आहे काका. प्रत्येक व्हॉल्व्हला एक आकडा असतो, त्याला के म्हणतात. वेगाचा वर्ग भागिले १९.६, गुणिले के, की किती मीटर उंचीचं पाणी वाया गेलं ते कळतं. सकाळी १५ नळ चालू धरा, प्रत्येकी मिनिटाला १२ लिटर. म्हणजे सेकंदाला ३ लिटर. ५० मिमीच्या पाइपात वेग सेकंदाला साधारण १.५ मीटर. ग्लोबचा के १० धरला तर जवळपास १.२ मीटर गेलं. गेटचा ०.२, म्हणजे अडीच सेंटिमीटरसुद्धा नाही.

ए-१०२: १.२ मीटर म्हणजे काहीच नाही की!

ए-४०३: तुम्हाला नाही. टाकीतल्या पाण्यापासून तुमच्या शॉवरपर्यंत २० मीटर उंची मिळते. सातव्या मजल्याला जेमतेम अडीच. त्यातली निम्मी सकाळी व्हॉल्व्हच खातो.

सेक्रेटरी: मग दुपारी गेजवर का नाही दिसलं?

ए-४०३: नळ बंद ठेवून बघितलं ना?

सेक्रेटरी: हो.

ए-४०३: पाणी वाहत नसलं की व्हॉल्व्ह काही खात नाही, गेज पूर्ण उंचीच दाखवतं. आणि नळ उघडून बघितलं असतं तरी दुपारी वापर निम्मा, आणि वापर निम्मा झाला की नुकसान चौथाई होतं. १.२ चं ०.३. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ए-६०१: दादा, माझ्या पुस्तकात ग्लोबचा के ६ दिलाय. १० कुठून आला?

ए-४०३: बरोबर पकडलंस. पुस्तकागणिक ६ ते १० दिसतात, आतल्या घडणीवर असतं. ६ धर, तरी ७० सेंटिमीटर जातात, निकाल तोच. नेमकं हवं तर त्या व्हॉल्व्हच्या पत्रकात केव्ही बघ: दाबात १ बार फरक असताना तासाला किती घनमीटर पाणी जातं ते. प्रवाह भागिले केव्ही, त्याचा वर्ग, की उत्तर बारमध्ये. केव्ही ३२ असेल तर आपले तासाला १०.८ घनमीटर जाताना ०.११ बार जातात. बार गुणिले १० केलं की मीटर.

खजिनदार: म्हणजे पंप नको?

ए-४०३: आधी फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आतलं भोक पाइपाएवढंच असलेला, लावून बघू. फक्त त्याची मूठ सावकाश फिरवायची, झटक्यात बंद केली तर पाइप दणकतो. ताई, बदलायच्या आधी सकाळी सातला शॉवरखाली १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा.

ए-७०१: ठेवते.

(सोमवार)

ए-७०१: काल व्हॉल्व्ह बदलला. आधी बादलीला ९० सेकंद लागत होते. आज सात वाजता ६५.

ए-७०२: आज साबण धुऊन झाला. 🙏

ए-१०२: आमच्याकडे काही फरक नाही.