जुन्या फोटोतला नाताळ: तुमच्याही आठवणी लिहा

आजीच्या लोखंडी पेटीत 1974च्या नाताळचा कृष्णधवल फोटो निघाला. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं खेडं, चर्चसमोर उभी मंडळी, पुढे मांडी घालून बसलेली पोरं. मागे एकही नाव नाही. सगळ्यांना ओळखणारी आता एकटी मोठी आत्या आहे, म्हणून तिच्याजवळ बसून नावं लिहून काढतोय. डावीकडची नऊवारीतली बाई आमच्या चर्चच्या मंडळीतली नाही, शेजारची काकू. आजीचे अनारसे तुपात हसायचे, म्हणजे फुटून विरायचे, म्हणून दरवर्षी तळायला काकूच यायची. कापसाच्या वेचणीचे दिवस, मजुरी बुडवणं कोणाला परवडणार? त्यामुळे उपासना पहाटेच व्हायची, फोटोत सगळ्यांच्या अंगावर शाली दिसतात त्या त्यामुळेच.
तुमच्या घरच्या फोटोत कोण आहे?

यवतमाळहून
आमचा फोटो 1982चा. वडील युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, माळी होते. पुढच्याच वर्षी सेमिनरी पुण्याला गेली, म्हणजे हा तिचा इथला शेवटला नाताळ. सुटीत घरी जाऊ न शकणारी नागालँडकडची मुलं आमच्याकडे जेवायची. आईच्या पाटोडी-रश्श्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी वाटी पुन्हा पुढे! त्यांतल्या एकानं माझ्या धाकट्या भावाला खांद्यावर घेतलंय. त्याचं नाव भावाला अजून पाठ आहे, पत्ता मात्र कोणाकडेच नाही.

परतवाड्याहून
आई कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात नर्स होती. फोटोत खुर्च्यांवर पेशंट बसलेत, डॉक्टर-नर्स मागे उभे. हा आईचा हट्ट. घरच्यांनी सोडलेली माणसं ती. त्यांतले एक आजोबा आखूड झालेल्या बोटांनी डफ वाजवत भजन म्हणायचे.

मेहकरकडून
मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. नाताळच्या नाटकात मी मेंढपाळ होतो. आम्ही धनगर, त्यामुळे घोंगडी आमची आणि कोकरूही आमचंच. फोटो काढताना ते हललं, म्हणून त्याला दोन तोंडं दिसतात. माय त्या दिवशी वेचणी सोडून आली. "लेकाचं नाटक हाय, पाहाले जाईन ना मी!" माझ्यामागे उभी आहे ती. तिचा तेवढा एकच फोटो आमच्याकडे आहे. मोठा करायला दिला, तर स्टुडिओवाला म्हणाला, कोकरू काढून टाकतो. मी काढू दिलं नाही.